गुरूच्या कंपनीचं गाऱ्हाणं

मिठबावच्या गुरुप्रसादचं कोणी अभिनंदन केलं की तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागतो. गेल्या फेब्रुवारीपासूनची ही सवय. त्याआधी हा माणूस असा नव्हता. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘थँक्यू’ म्हणून मोकळा व्हायचा.

गुरुप्रसाद, म्हणजे गावाचा गुरू, पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून प्रोग्रामिंग करतो. घरून म्हणजे आंब्याच्या खोलीतून. एरवी ती खोली त्याची असते, पण आंबे उतरायला लागले की त्याच्या टेबलाभोवती गवताची अढी लागते आणि गुरू त्या गवतात पिकायला ठेवल्यासारखा दिसतो. एकदा पुण्याच्या साहेबांनी मीटिंगमध्ये त्याला सांगितलं, “मागचं ते गवताचं चित्र काढून टाक, बरं दिसत नाही.” गुरूने कॅमेरा दुसरीकडे वळवला, तर तिकडे त्याची सत्यवतीकाकी आंबे पालटत बसलेली. साहेबांनी नमस्कार केला. काकीनेही केला आणि पेटी कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते विचारलं.

आता गुरूचं काय चुकलं ते कळायला त्याच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, मलाही ती पंगतीच्या उदाहरणाने समजली.

प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. तारीख मोजणारा तुकडा एकाने लिहून ठेवलेला असतो, पावती छापणारा दुसऱ्याने, आणि हे तुकडे बरेचदा सगळ्यांना फुकट वापरायला ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. पण ही पॅकेजं म्हणजे लग्नाला आलेले पाहुणे. अमक्याला तमक्याच्या शेजारी बसायचं नसतं, एकाला दुसऱ्याची जुनी आवृत्ती चालते पण नवी चालत नाही, आणि तिसरा आपल्याबरोबर पाच जणांना न सांगता घेऊन येतो. या सगळ्यांना बोलावून, कुरकुर होऊ न देता पानावर बसवणारा जो कारभारी असतो, तो म्हणजे पॅकेज मॅनेजर. हाही एक प्रोग्रामच. तो नीट चालला तर त्याची कोणी आठवण काढत नाही, आणि अडला तर अख्खी पंगत उपाशी.

जुना कारभारी होता तो लोकांनी मिळून चालवलेला. जगभरातली माणसं आपापली नोकरी सांभाळून रविवारी त्याची डागडुजी करायची. त्यातला एक आपल्या कुडाळचा मंगेश. कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा, बोलायला हळू, हसायला त्याहून हळू. पावसात लाइन गेली, इंटरनेट गेलं की आपल्याकडच्या मुलांचं काम अडतं, म्हणून त्याने क्लासातल्या एका मशीनवर सगळ्या नेहमीच्या पॅकेजेसचं कोठार करून ठेवलं होतं. कोणीही यावं, घेऊन जावं. वैभववाडीपासून मुलं यायची.

पण हा जुना कारभारी मंद. हुकूम द्यावा, चहा टाकावा, चहा प्यावा, कप धुवावा, तरी हा पाहुणे मोजतोय.

अशात परदेशातल्या एका कंपनीने नवा कारभारी काढला. फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघावा, कोणीही घ्यावा. आणि वेग असा की हुकूम द्यायला बोट उचलावं तर काम झालेलं. शिवाय स्वतःची पॅकेजं ठेवायला कंपनीच्या कोठारात जागा, तीही फुकट. गुरू त्या टूलच्या प्रेमातच पडला. टी-शर्ट मागवला. स्कूटरवर स्टिकर लावला. पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांना तेच वापरायला लावलं, आणि काकीच्या बचत गटाची वेबसाइट, जिच्यावर मुंबईची माणसं आंब्याच्या पेट्या आणि आंबापोळी मागवतात, तीही त्याने त्याच टूलवर आणि त्याच कोठारावर नेऊन ठेवली.

काकीने तेव्हा आपल्या परीने चौकशी केली होती.

“गुरू, ही तुझी कंपनी आमका सगळा फुकट कित्याक देता रे?”

“काकी, तेंच्याकडे गुंतवणूकदार आसत. ते पैसे घालतत.”

“ते कित्याक घालतत?”

“कंपनी मोठी होयत म्हणान.”

“आणि मोठी झाली काय?”

“मगे बराच ना.”

काकीलाही ते बरंच वाटलं. ‘तुझी कंपनी’ हा शब्द मात्र गुरूने दुरुस्त केला नाही. ऐकायला गोड लागत होता.

मग कुडाळला एका हॉलमध्ये जिल्ह्यातल्या प्रोग्रामरांचा मेळावा झाला. गुरूचं भाषण होतं, विषय अर्थात नवा कारभारी. भाषणानंतर मंगेश उभा राहिला आणि म्हणाला, “टूल चांगलं आहे. माझा एकच प्रश्न. हे चालवायचा खर्च ज्यांच्या पैशातून होतो, त्यांना उद्या पैसे परत हवे झाले तर?”

गुरू म्हणाला, “सर, कोड सगळ्यांचा आहे. तो कोण काढून घेणार?” तिथे थांबला असता तरी चाललं असतं. पण हॉल भरलेला, माइक हातात. “मंगेश सरांचं कसं आहे, घरात मिक्सर आला तरी ते पाटा-वरवंटा घेऊन बसलेत. वरून म्हणतात, लाइट गेली तर?”

हॉल हसला. मग गुरूने शर्यत लावली. मंगेशच्या लॅपटॉपवर जुना कारभारी, आपल्या लॅपटॉपवर नवा. मंगेशचा पहिला पाहुणा दारात येईपर्यंत गुरूची पंगत जेवून उठली. टाळ्या पडल्या. मंगेशसुद्धा हसला आणि वायर गुंडाळून पिशवीत ठेवली. पुढे त्याच्या कोठाराकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्याने ते मशीन बंद केलं. गुरूच्या हे कानावर आलं होतं. त्याला तेव्हा काही वाटलं नाही, आणि त्याला आता जे वाटतं त्यातलं सगळ्यात जास्त याचंच वाटतं.

गावच्या जत्रेच्या आधी गुरू एकदा काकीजवळ सहज बोलून गेला, की त्या कंपनीला पैसे कमी पडताहेत म्हणे, बंद पडली तर आपली वेबसाइटही पडेल. दुसरीकडे कोणी असं ऐकलं असतं तर पर्यायी व्यवस्था बघितली असती. काकी नारळ घेऊन देवळात गेली.

देवळातले मानकरी हरिश्चंद्रकाका. गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडं, घालावं तर त्यांनीच. त्यांचा आवाज सभामंडपात उभा राहिला की खांबसुद्धा ताठ होतात. काकीने त्यांना अडचण सांगितली, नवसही केला, गुरूला पुढे उभं केलं, आणि काकांनी हात जोडले.

“बा देवा महाराजा, आज ह्या गुरुप्रसादान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा.”

“व्हय महाराजा,” सगळे म्हणाले.

“सातासमुद्रापलीकडे जी काय तेची कंपनी आसा, जी हत्यारा फुकट देता, जेच्यार आमच्या बायकांच्या पेट्यांचो धंदो चलता, ती आज पैशापायी अडली आसा.”

“व्हय महाराजा.”

“तर तिची जी काय अडचण आसात ती दूर कर, तिका उदंड यश दी, आणि तिका एखादो बरोसो मोठो धनी मिळवून दी रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

मोठ्या धन्याची पुरवणी काकांची स्वतःची. काकी एवढं बोलली नव्हती. पण गुरूला ती इतकी आवडली की त्याने गाऱ्हाण्याचा व्हिडिओ खाली इंग्रजी अर्थ लिहून इंटरनेटवर टाकला. कंपनीतल्या माणसांनी खाली बदाम काढले. गुरू ते बदाम दोन दिवस सगळ्यांना दाखवत होता.

आणि देव पावला.

फेब्रुवारीत बातमी आली की एका बड्या कंपनीने गुरूची कंपनी विकत घेतली. कंपनीच्या संस्थापकांचं पत्र आलं. त्यात आनंद होता, कृतज्ञता होती, आणि ‘तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही’ असं ठळक अक्षरात होतं. गुरूला ते वाक्य जरा जास्तच ठळक वाटलं. लग्नात मुलीचा बाप वरपक्षाला उगाचच सांगायला लागतो ना, ‘आमच्या मुलीला राग म्हणून येत नाही’, तसं.

गावाला मात्र पत्राशी देणंघेणं नव्हतं. गावाने मोठा धनी मागितला होता आणि तो मिळाला होता. काकीने लाडू केले. नाक्यावर गाडीवाला बाळा म्हणाला, “काय रे गुरू, आता तुका परदेशात साहेब करतले मा? जाताना माझ्याच गाडयेन जा हां विमानतळार.” हरिश्चंद्रकाका तर दोन बोटं उंच झाले. पुढच्या गावातून त्यांना कोणीतरी विचारून गेलं होतं, की आमच्या जावयाच्या कंपनीसाठी पण एक घाला.

मग दुसरं पत्र आलं. त्यात आनंद नव्हता. फुकट कोठार मार्चअखेर बंद होणार होतं. टूलच्या पुढच्या आवृत्त्या नव्या धन्याच्या गिऱ्हाइकांसाठी. आहे तो कोड सगळ्यांना खुला राहील, सांभाळायचा असेल त्यांनी तो खुशाल सांभाळावा.

कोड होताच. पण गुरूने जाऊन बघितलं, तर त्यावर राबणारी माणसं सगळी त्या कंपनीच्या पगारावरची होती आणि नव्या धन्याने त्यांना दुसऱ्या कामाला लावलं होतं. रेतीवर होडी उभी आहे, होडी सगळ्या गावाची आहे, पण तिला ढकलून पाण्यात घालणारे खांदे भाड्याचे होते आणि ते घरी गेलेत, असा तो प्रकार. आणि जुना कारभारी? त्याच्याकडचे हातही गुरूसारख्यांनीच पळवून नेलेले.

मार्चअखेर म्हणजे पेट्यांचं बुकिंग ऐन भरात. दर बदलला की वेबसाइट नव्याने उभी राहते, आणि उभी राहताना प्रत्येक वेळी त्या कोठारातून पॅकेजं आणते. कोठार बंद म्हणजे वेबसाइट आडवी. गटातल्या बायकांचं वर्ष त्या दोन महिन्यांवर चालतं.

हे काकीला सांगायला हवं होतं. गुरू सांगत नव्हता. सकाळी तोंड उघडायचा आणि ‘चहा दी’ म्हणायचा. एका दुपारी स्कूटरवरचा स्टिकर नखाने खरवडून काढत बसला. स्टिकर निघाला, पण खालचा रंग ऊन न लागल्यामुळे नवाकोरा राहिलेला, त्यामुळे कंपनीचं चिन्ह आधीपेक्षा जास्त उठून दिसायला लागलं. नाक्यावर जायचं तो टाळायला लागला. मासे आणायलाही काकीला पाठवी. काकीला वाटलं, मोठा झाला आता, बाजारात कशाला जाईल.

शेवटी गाठलं ते नवसाने. देव पावला म्हणजे बोललेलं फेडायला हवं, आणि फेडताना ज्याचं काम झालं त्याने पुढे उभं राहायला हवं. देवळात माणसं जमली. हरिश्चंद्रकाकांनी उपरणं सावरलं. गुरू त्यांच्या कानाशी गेला.

“काका, आभार घालू नकात.”

“मगे काय घालू?”

“काय तरी मोघम घाला.”

“देवासमोर मोघम चलना नाय. काय झाला तां सांग.”

गुरू हळू आवाजात सांगायला लागला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याला मोठ्याने सांगावं लागलं, आणि सभामंडपाला ते अधिकच नीट ऐकू आलं. सांगून झालं. मग काकी म्हणाली, “म्हणजे आमी मागला तांच मिळाला?”

“होय काकी.”

“आणि मिळाला म्हणानच बुडालंव?”

“होय.”

“तुका कधी कळला ह्यां?”

गुरूने चपलांकडे बघायचा प्रयत्न केला, पण चपला देवळाबाहेर होत्या. “झाले बरेच दिवस.”

“आणि तू माझे लाडू खाल्लंस,” काकी म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं गुरू अजून म्हणतो.

बाळाने मागून विचारलं, “मगे आता उपाय काय? नवीन धनी बुडांदे, असा घालूया काय?”

“नको,” गुरू म्हणाला. “कुडाळाक एक माणूस आसा. तेच्याकडे सगळ्या पॅकेजांचा कोठार होता. पण मी तेका चार लोकांत हसलंय.”

“काय म्हटलंस तेका?” काकांनी विचारलं.

“पाटो-वरवंटो.”

काकांनी मान हलवली, देवाकडे तोंड केलं आणि हात जोडले. गुरूला वाटलं होतं, आता एवढ्यावर भागेल. पण गाऱ्हाण्यात सगळं यावं लागतं.

“बा देवा महाराजा, आमी मागला तां तू दिलंस. तुझी काय चूक नाय.”

“व्हय महाराजा.”

“चूक ह्या गुरुप्रसादाची आसा. जां आपल्या हातातला नाय, तां आपला म्हणान तो गावभर सांगत फिरलो.”

“व्हय महाराजा.”

“कुडाळचो मंगेश, जो सगळ्यांसाठी फुकट राबत होतो, तेका ह्यो भरल्या सभेत हसलो. पाटो-वरवंटो म्हटल्यान.”

“व्हय महाराजा.”

“तर तेका आता लाज वाटता. ती वाटांदे. पण आमच्या बायकांच्या धंद्याक काय कमी पडांदे नको रे महाराजा.”

“व्हय महाराजा.”

माणसाची चूक एखाद-दुसऱ्याने दाखवली तर वाद घालता येतो. अख्खा गाव एका सुरात, देवाला साक्षी ठेवून ‘व्हय’ म्हणतो, तेव्हा हात जोडून उभं राहण्याखेरीज काही शिल्लक राहत नाही. आणि त्यात सगळ्यात खणखणीत ‘व्हय’ सत्यवतीकाकीचं होतं.

देवळातून निघाल्या निघाल्या काकीने गुरूला बाळाच्या गाडीत बसवलं आणि स्वतःही बसली. हा मधल्या वाटेत कुठेतरी उतरून परत येईल, असा तिला संशय होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. कुडाळला पोचेपर्यंत गुरू मनात वाक्यं जुळवत होता. ‘सर, त्या वेळी माझ्याकडून जरा’ इथपर्यंत वाक्य यायचं आणि ‘जरा’ या शब्दाशी अडायचं.

दार मंगेशच्या बायकोने, शर्मिलाने उघडलं. तिने गुरूकडे नीट निरखून बघितलं.

“पाटो-वरवंटो म्हटलेले तुमीच मा ते?”

कोणीतरी आजच्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ केला होता. गाडी वाटेत असतानाच तो कुडाळला पोचला होता. आता गुरूला सांगायला काही उरलंच नव्हतं.

मंगेश आतून आला. “हरिश्चंद्रकाकांचो आवाज बरो आसा हां,” म्हणाला. “बसा काकी.”

“सर, माझी...”

“तां झाला देवासमोर. परत कशाक? च्या घेतलंस?”

गुरूला वाटलं होतं, मंगेश ऐकवेल. निदान ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ एवढं तरी म्हणेल. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. मंगेशने त्याला चहा दिला, खारी दिली, आणि क्लासाच्या कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. वर मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तो उचलून मंगेशने खाली ठेवला, बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि चालू झालं.

“ह्यातला सामान जुना झाला. नवीन सगळा उतरून घेवक व्हया, थयला कोठार बंद होवच्या आधी. आणि तुमची वेबसाइट जुन्या कारभाऱ्यार परत आणूची. वेळ खातला.”

“मी करतंय, सर.”

“तूच करतलंस. माझो क्लास आसा.”

काकी इतका वेळ मशीनकडे बघत होती. तिने विचारलं, “तुमका ह्याचे पैसे कोण देता?”

“कोण नाय, काकी.”

गुरू लाद्यांकडे बघत राहिला. काकीला मात्र फार वाईट वाटलं. “मगे तुमच्या नावान एक गाऱ्हाणा घालतंव. तुमका एखादो...”

“नको नको,” मंगेश हात जोडून म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच भरभर बोलला. “आमका धनी नको. माणसा व्हयी.”

माणसं म्हणजे कोण, हे काकीने गुरूकडे बघून ठरवून टाकलं.

कोठार बंद व्हायच्या आत सगळं हलवून झालं. बुकिंग बुडालं नाही. वेबसाइट उभी राहायला आता वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणीतरी फोन करून विचारतंच, ‘काय हो, तुमचं ते स्क्रीनवरचं चक्र अजून फिरतंय?’ पुण्याच्या ऑफिसलाही गुरूने तेच सांगितलं, की आपण परत जाऊ या, मी चुकलो. साहेब म्हणाले, “अरे, तूच आम्हाला आणलंस ना तिकडे?” गुरू हो म्हणाला. तिथे व्हय म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे एकट्यालाच म्हणावं लागलं.

आता रविवारी तो जुन्या कारभाऱ्याच्या दुरुस्तीला बसतो. कारभारी मंद का आहे ते शोधायचं, आणि सापडलं तर थोडा पळायला लावायचा. पहिली दुरुस्ती त्याने मोठ्या कष्टाने करून पाठवली. मंगेशने ती परत पाठवली आणि खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, की दुरुस्ती ठीक आहे पण ती तपासून बघायची सोय केलेली नाही, ती करून आणा. दुसऱ्यांदा पाठवली. ती पण परत आली.

काकी खोलीत आली तेव्हा गुरू स्क्रीनकडे बघत बसला होता.

“कोणाचा पत्र रे?”

“मंगेश सरांचा.”

“काय म्हणतत?”

“चुकला म्हणतत.”

“चुकलंस काय?”

गुरूने परत एकदा वाचलं. “होय.”

“मगे कर नीट,” काकी म्हणाली आणि पंखा त्याच्या बाजूला वळवून बाहेर गेली.